थोरलीचं म्हणणं

संत तुकाराम नगर, पिंपरी
३ फेब्रुवारी २०२५

भानुदास,

थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला लिहिताना आधी आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी गाळले आहेत. विसरले असं समजू नकोस.

तू माझा फोन उचलत नाहीस. अजिंक्यच्या फोनवरून केला, तोही माझा आवाज ऐकताच ठेवलास. म्हणून कागदावर लिहिते. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच, आणि तू तर लेखक आहेस. कोल्हापूरला स्पीड पोस्ट दोन दिवसांत पोचतं असं पोस्टातली मुलगी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरून तिचाच त्यावर विश्वास दिसला नाही.

आई बरी आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगते. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी जितकं बरं असावं तितकी बरी आहे. खाते, भांडते, टीव्ही बघते.

आता काम. तुझी ती टेलिफिल्म, ‘थोरली’, पुन्हा वर आली आहे. एकोणनव्वद साली ती एकदा लागली, अख्ख्या भोसरीने पाहिली, आणि मला वाटलं होतं, टीव्हीवरचं चित्र आहे, आज आहे उद्या नाही. आता कुणी तरी जुन्या कॅसेटवरून काढून इंटरनेटवर टाकली आहे. शेजारच्या जमिलाने मला फोनवर लावून दिली, कारण तेव्हा मी अर्ध्यातून उठले होते. या वेळी शेवटपर्यंत पाहिली. काय तो धूर. दर दोन मिनिटांनी खोलीत धूर येतो, जसं काही डासांची गाडी घरात शिरली आहे. थोरली जिन्यावरून उतरते तेव्हा तिचे केस उडतात, आणि मागच्या सगळ्या खिडक्या बंद. आपल्या घराला जिना कुठला आला? पत्र्याचं घर होतं. जमिला म्हणाली, “विजूताई, ही बाई सारखी डोळे वटारते. हिला आधी डोळ्यांचा डॉक्टर दाखवा.”

हसून सोडलं असतं. छत्तीस वर्षं सोडलंच. पण दिवाळीत तू कुठल्याशा चॅनेलवर मुलाखत दिलीस. ही गोष्ट माझ्या घरात घडलेली आहे म्हणालास. ती थोरली म्हणजे माझी सख्खी बहीण म्हणालास. समोरच्या पोराने विचारलं, म्हणजे तिने खरंच धाकट्या भावाला मारलं? तू चष्मा काढलास, पुसलास, आणि म्हणालास, “काही माणसं चुकतात. काही चुकल्यासारखं करतात.”

ही मुलाखत माझ्या सुनेने पाहिली.

सायलीची बाळंतपणाची रजा फेब्रुवारीअखेर संपते. पिंकी सहा महिन्यांची आहे. ती दिवसा माझ्याकडे राहणार हे तिचा जन्म व्हायच्या आधीपासून ठरलं होतं. अजिंक्य आणि सायली दोघंही चाकणला कंपनीत. सकाळी पिंपळे गुरवहून निघताना पोरीला इथे सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. मी पाळणा आणला. बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ बसवून घेतला. परवा सायली म्हणाली, “आई, आम्ही सध्या पाळणाघर बघतोय.” का, असं मी विचारलं नाही. मग मी पिंकीचा लंगोट बदलायला तिला आतल्या खोलीत घेऊन गेले, तर सायली मागोमाग आली आणि दारात उभी राहिली. “मी जरा इथे थांबते.” माझ्या घरात, माझ्या नातीला हात लावताना, माझ्यावर पहारा.

एक वाक्य मागते. अजिंक्यला लिही, किंवा फोन कर, की ठरवून मारणारी बहीण तू मनाने रचलीस. किडीच्या गोळ्यांच्या डबीवरचं इंग्रजी मी चुकीचं वाचलं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते मी त्याच दिवशी कबूल केलं होतं. चूक वेगळी आणि खून वेगळा. एवढा फरक तुला कळत असेल तर कळव.

विजयश्री


१० फेब्रुवारी

भानुदास,

तू गप्प आहेस. दरम्यान माझा मुलगा माझ्याशी बोलला. तो संवाद तुला लिहून पाठवते. तुला फुकटात मिळतोय.

रविवारी अजिंक्य एकटा आला. आईच्या पाया पडला, चहा घेतला, टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलले. म्हणजे बोलायचं होतं. शेवटी मीच म्हणाले, “विचार.”

“आई, ते नामामामाचं. तू चुकीचं वाचलं होतंस ना?”

“हो.”

“काय वाचलं होतंस?”

मी सांगितलं. नामा, माझा सर्वांत धाकटा भाऊ, अडीच वर्षांचा. अडुसष्ट सालचा मे. वर्षाचं धान्य भरलं होतं आणि आबांनी किडीसाठी विषारी वायूच्या गोळ्या आणल्या होत्या. डबीवर सगळं इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, चौदा वर्षांची, कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून सुट्टीला आलेली. सात दिवस खोली बंद ठेवा असं लिहिलं होतं, मी चार वाचलं. चौथ्या दिवशी दार उघडलं गेलं आणि नामा आत झोपला.

अजिंक्य कप फिरवत म्हणाला, “सातचं चार कसं वाचलंस?”

“चुकले.”

“आई, तू माझ्या लग्नपत्रिकेतली एक वेलांटी सुधारायला छापखान्यात जाऊन बसली होतीस. कंपनीत तुझ्या साहेबांची इंग्रजी पत्रं तू दुरुस्त करायचीस. शाळेत वाचनाचं बक्षीस दर वर्षी तुला. मी आयुष्यात तुला चुकीचं वाचताना पाहिलेलं नाही.” मग खाली बघत म्हणाला, “सायली तेच म्हणते. ती म्हणते, आई चुकीचं वाचूच शकत नाहीत.”

बघ, भानू. आयुष्यभर मी ज्याचा तोरा मिरवला, त्याच दोरीने मला बांधलं. मी ढ असते तर निर्दोष ठरले असते. आमच्या सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, अचूकपणा हा सद्गुण आहे. त्यांना सून नव्हती.

तो गेला. पाळणा कोपऱ्यात आहे. आई त्यात तिची धुतलेली लुगडी टाकते.

आज तारीख दहा आहे. सायली पहिल्या मार्चला पाळणाघराचं ठरवणार. एकदा पोर तिकडे रुळली की मला वर्षातून दोनदा दाखवायला आणतील, देवीसारखी. तू लिही.

विजयश्री


१६ फेब्रुवारी

भानू,

मी चुकीचं वाचलं नव्हतं.

हे वाक्य मी याआधी कधी कुठे लिहिलेलं नाही. माझे यजमान गेले, त्यांनाही सांगितलं नव्हतं. आता तुला सांगते, कारण तुला ते माहीत आहे.

मला आबांनी कॉन्व्हेंटमध्ये का घातलं ते आठवतं ना? आपली जमीन कारखान्यांसाठी जाणार होती आणि नोटिसा इंग्रजीत यायच्या. तलाठी एक सांगायचा, दलाल दुसरंच सांगायचा. आबा म्हणाले, घरात एकाला तरी सायबाची भाषा यायला पाहिजे. तू होतास पाळण्यात, म्हणून मी. तेव्हापासून घरात इंग्रजीचा जो कागद, जी बाटली, जो खोका येई तो माझ्यापुढे. मी ओसरीवर उभी राहून मोठ्याने वाचायची आणि मराठीत सांगायची, आणि सगळे चपला काढून बसायचे, कीर्तनाला बसल्यासारखे.

ती डबीही तशीच वाचली. सात दिवस खोली बंद. आत माणूस, जनावर कुणी नाही. उघडल्यावर वारं खेळू द्यायचं, मगच जायचं. दोनदा वाचलं. आबांनी गोळ्या ठेवल्या आणि दाराच्या फटी शेणामातीने लिंपल्या. आई चुलीपुढून म्हणाली, “सात दिस? मंग तंवर खायाचं काय आमी, तुजं विंग्रजी?” सगळे हसले. तूही हसलास.

चौथ्या दिवशी घरातलं पीठ संपलं. आबा तहसीलला गेले होते. मी विहिरीवर धुणं धूत होते. आईने लिंपण फोडलं, दळणाला ज्वारी काढली. वास आला नसेल, किंवा आला तरी धान्याचा वाटला असेल. ती खोली घरात सगळ्यांत गार, तिला खिडकी नव्हती. नामा घामोळ्यांनी रडून रडून बेजार झाला होता. तिने गोणपाट पाण्यात भिजवून खाली अंथरलं, त्यावर त्याला निजवलं, दार ओढून घेतलं आणि गिरणीत गेली.

मी परत आले तेव्हा तो झोपल्यासारखा होता. मी त्याला बाहेर आणलं. मग पुन्हा आत गेले आणि ते ओलं गोणपाट उचलून मागच्या काटेरी कुंपणावर टाकलं. का, ते चौदाव्या वर्षी मला सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. ते पाहिलं की कुणालाही कळलं असतं, पोर चुकून आत गेलेलं नाही, त्याला मायेने निजवलं आहे.

आई पिठाचा डबा घेऊन आली. आबा आले. त्यांनी एकच विचारलं, “दार कुणी उघडलं?” आई भिंतीला टेकून होती. तुला आबांचा हात माहीत आहे. हातात बैलाचा चाबूक होता, आणि त्यांनी तो अजून उचललाही नव्हता. मी म्हणाले, “तुम्ही गेल्यावर डबी पुन्हा वाचली, आणि चारच दिवस लिहिलेत असं मीच आईला सांगितलं. माझं वाचायला चुकलं.”

त्यांनी मला मारलं नाही. पण त्यानंतर त्यांनी माझ्यापुढे वाचायला काही ठेवलं नाही. नोटिसा खेडच्या वकिलाकडे जाऊ लागल्या. सुट्टीत मी घरी आले की ते ओसरीवरून उठून जायचे. मला मार चालला असता.

आता तुझ्या टेलिफिल्मकडे. त्यात ती डोळे वटारणारी थोरली काय करते? गोठ्यातल्या पाण्यात गोणपाट भिजवते. पिळते. अंथरते. त्यावर पोराला निजवते आणि दार ओढते. भानू, गोणपाट ओलं होतं हे जगात दोघींना माहीत होतं. जिने अंथरलं ती, आणि जिने उचललं ती मी. आम्ही दोघींनी ते कधी कुणाला सांगितलं नाही, एकमेकींनाही नाही.

म्हणजे तू तिथे होतास. सात वर्षांचा, गोठ्याच्या आसपास कुठे तरी. तू आईला पाहिलंस. आणि मोठा झाल्यावर, हातात लेखणी आल्यावर, तिच्या हातातलं गोणपाट काढून माझ्या हातात दिलंस. तुला आई स्वच्छ हवी होती. मलाही हवी होती, पण मी त्यासाठी माझं नाव घातलं. तूही माझंच घातलंस.

अजिंक्यला खरं सांग. मी सांगितलं तर तो म्हणेल, आता आजीवर ढकलते आहे.

विजयश्री


२३ फेब्रुवारी

भानू,

तुझी वाट बघून कंटाळले, म्हणून जे करायला नको होतं ते केलं. आईला विचारलं. अजिंक्य आणि सायलीसमोर.

काल दोघं पिंकीला घेऊन आले होते. पोर सायलीच्या मांडीवर, माझ्यापासून एक सोफा लांब. आई खुर्चीत. मी आईच्या पायाशी बसले आणि म्हणाले, “आई, नामा गेला त्या दिवशी दार कोणी उघडलं होतं?”

आईने माझ्याकडे बघितलंच नाही. अजिंक्यकडे बघून म्हणाली, “हिनं की रं. थोरलीनं.”

“मी विहिरीवर होते, आई.”

“न्हाई गं. तू जिन्यावरनं आलीस.”

सायलीने पिंकीला जवळ ओढलं. मी म्हणाले, “आपल्याकडे जिना नव्हता.”

“व्हता की. पांढरा झगा घातला व्हतास तू. क्यास मोकळं सोडलं व्हतं, असं, वाऱ्यावर.” आईने हात हलवून दाखवला. “आन् धूर झाला व्हता सगळीकडं. मी हाक मारली, थोरले, थोरले, तर तू नुसती बघत राह्यलीस माज्याकडं. डोळं एवढं एवढं करून.”

मला दोन घट्ट वेण्या असायच्या, तेल चोपडलेल्या, लाल रिबिनीच्या. होस्टेलचा निळा स्कर्ट असायचा. पांढरा झगा त्या नटीचा.

तुला कळलं का काय झालंय ते? आईने तुझी टेलिफिल्म एकोणनव्वदला पाहिली, आणि आता पिंकीच्या बापाच्या जुन्या मोबाईलवर रोज दुपारी बघते. जमिलाची मोठी नात लावून देते. तिला वाटतं तो आपल्या घरातला फोटो आहे. तिच्या डोक्यात जे होतं ते पुसून तुझा धूर भरला आहे. ती खोटं बोलत नाही. शपथेवर उभी केली तरी हेच सांगेल आणि झोपी जाईल.

एक क्षण मला तिचा हेवा वाटला.

अजिंक्य म्हणाला, “आजीला आठवत नाही, आई. तिचं वय बघ.” तो माझी बाजू घेत होता बिचारा. पण सायली पोरीच्या पाठीवर थोपटत राहिली आणि माझ्या हातांकडे बघत राहिली. नोकरीत असताना मी माणसं वाचायला शिकले आहे. तिच्या जागी मी असते तर मीही पोर दिलं नसतं. तिचा मला राग येत नाही, हे सगळ्यांत वाईट आहे. राग आला की मला बरं वाटतं.

जमिला संध्याकाळी कांदे घेऊन आली. तिला थोडंफार सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या सासूने मला मरेपर्यंत चोरटी म्हटलं. बांगडी सापडली तिच्याच गादीत. तोपर्यंत ती गेली होती. आता ऐकवू कुणाला?” आणि हसली. तिला हसता येतं. तिची नात तिच्या कडेवर असते.

जगात आता एकच माणूस उरला आहे ज्याने ते पाहिलं. तू. मी विनंती करते. बघ, विनंती हा शब्द मी तुझ्यासाठी लिहिला.

अक्का


५ मार्च

भानू,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी. टेलिफिल्मला दीड तास घेतलास.

‘अक्का, तू म्हणतेस ते खरं आहे. मी गोठ्यात होतो. मी पाहिलं होतं. मला तेव्हा कुणी विचारलं नाही आणि नंतर सांगता आलं नाही. पण आई आहे तोवर मी अजिंक्यला काही सांगणार नाही. ती गेल्यावर स्वतः येऊन सांगेन, वचन देतो.’

मी ते उभं राहूनच वाचलं. आधी रडले. तू हो म्हणालास म्हणून. सत्तावन्न वर्षांनी कुणी तरी हो म्हणालं. चांगली घळाघळा रडले, इतकी की आईने आतून विचारलं, “कोण गेलं गं?”

मग दुसऱ्यांदा वाचलं, आणि तू काय मागितलं आहेस ते कळलं.

तू कोल्हापुरात बसून वाट बघणार. मी इथे. फरक एवढाच की तिला भरवणारी मी, न्हाऊ घालणारी मी, रात्री उठवणारी मी, औषध देणारी मी. तुझ्या वचनाची तारीख जिच्या श्वासावर ठरली आहे, तिच्या उशाशी तू मला बसवून ठेवलं आहेस. पिंकी आता पाळणाघरात जाते. अजिंक्य रोज फोटो पाठवतो. पहिला दात आला म्हणे. फोटोत दिसत नाही.

जे लिहिणार आहे ते वाचून तुला पुढच्या टेलिफिल्मचं बीज मिळाल्यासारखं वाटेल. वाटू दे.

सोमवारी आईला धाप लागली. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं तिला उशांना टेकवून बसवलं, आणि ती शांत झाली. तेव्हा माझ्या मनात आलं, अरे, झाली शांत. निराश झाल्यासारखं आलं. मी स्वतःलाच ओळखलं नाही. ते पाणी पिऊन घालवलं.

मंगळवारी संध्याकाळची तिची हृदयाची गोळी मी पाकिटातून काढली. ती तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले. आईने हाक मारली, “गोळी दिलीस का गं मला?”

मी म्हणाले, “दिली.”

ती म्हणाली, “बरं,” आणि टीव्हीकडे वळली. तिला माझ्यावर इतका विश्वास आहे, भानू. तिच्या डोक्यात मी पोर मारणारी आहे, आणि तरी ती माझ्या हातून काहीही गिळते.

सात वाजताच्या बातम्या सुरू झाल्या आणि संपल्या. मी तशीच उभी होते. मग जाऊन तिला ती गोळी दिली. म्हणाली, “दोनदा का गं देतीस?” मी म्हणाले, “ही दुसरी आहे.” तिने तोंड उघडलं.

दिली, हे तू विसरू नकोस. पण आधी खोटं बोलले, हेही मी विसरत नाही. तुझ्या त्या केस सोडलेल्या बाईला पाहून मी हसत होते. आता स्वयंपाकघरात तिच्याच जागी उभी राहून आले आहे, अंबाडा घालून.

तुझं वचन परत घे. आई जिवंत असताना सांग, नाही तर कधीच सांगू नकोस. तिच्या मरणाला बक्षीस लावू नकोस.

अक्का


१२ मार्च

भानू,

तुझं उत्तर आलेलं नाही. त्याची वाट न बघता लिहिते, कारण आज सकाळी जे झालं त्यानंतर थांबता येत नाही.

पाळणाघरातल्या दोन मुलांना तोंडात आणि हाताला फोड आले, म्हणून त्यांनी आठवडाभर बंद ठेवलं. सकाळी बेल वाजली. सायली. कडेवर पिंकी, खांद्याला तिची पिशवी, खाली रिक्षा थांबलेली. ती चप्पल न काढता दारातच म्हणाली, “आई, मी खूप विचार केला. ते सगळं सिनेमातलं आहे. मी तुम्हाला आठ वर्षं ओळखते. माझ्या बाळंतपणात तुम्ही काय काय केलंत. मी वेड्यासारखी वागले. आजपासून ही तुमच्याकडेच राहील, फोड बरे झाल्यावरही.” आणि तिने पोर माझ्याकडे केलं. पिंकीने माझ्या चष्म्याला हात घातला. दात आहे, खालचा, तांदळाएवढा.

यासाठी मी फेब्रुवारीपासून तुझ्यापुढे पदर पसरते आहे. तू एक शब्द न बोलता ते माझ्या दारात चालत आलं.

मी म्हणाले, “आज नको, सायली.”

तिला वाटलं मी रुसले आहे. “आई, चुकले ना मी.”

“तू चुकली नाहीस. आज नको. या आठवड्यात नको. तुझ्या आईला बोलाव, किंवा रजा घे.” मी पिंकीला परत तिच्या कडेवर दिलं. पोरीने चष्मा सोडला नाही, तो ओढूनच काढावा लागला. सायलीचा चेहरा पडला. तिच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत आहे, कारण ते बरोबर होतं. जिन्यावरून तिच्या पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकत उभी राहिले. रिक्षा गेली.

ज्या घरात मी गोळी हातात घेऊन उभी राहते, त्या घरात मी ते पोर घेणार नाही. मी पिंकीला काही करीन असं नाही. तसं मला वाटत नाही. पण आईलाही काही करीन असं मला पन्नास वर्षं वाटलं नव्हतं.

त्या मंगळवारनंतर आईची संध्याकाळची गोळी जमिला देते. तिला म्हणाले, माझा हात थरथरतो. ती माझ्या हाताकडे बघून म्हणाली, “कुठे थरथरतो?” तिने पुढे विचारलं नाही. रोज नातीला घेऊन येते, गोळी देते, आईशी चार शब्द बोलते, जाते. पण पुढच्या आठवड्यात ती मुलीकडे औरंगाबादला चालली आहे, ईदपर्यंत.

म्हणून हे पत्र. अजिंक्यला सांगू नकोस. सांगायचं असेल तर सांग, तुझं तू बघ. मला आता तुझी साक्ष नको. रविवारी गाडी घेऊन ये आणि आईला कोल्हापूरला घेऊन जा. तुझ्या घराला लिफ्ट नाही, तुझ्या बायकोला जमत नाही, तुला लेखनाला शांतता लागते, हे सगळं मला पाठ आहे. ये.

तिला चहा बशीत लागतो. पोळी दुधात कुस्करायची, भाकरी ताकात. दुपारी ती ‘थोरली’ लावायला सांगेल. लावू नकोस, किंवा लाव आणि तिच्या शेजारी बस, म्हणजे तुला कळेल ती काय बघते. सकाळच्या दोन गोळ्या न्याहारीनंतर. संध्याकाळची एक, छोटी पांढरी, ती आधी चमच्यात घ्यायची, कारण हातावर दिली तर ती पडते. दिली का, असं ती विचारेल. दिल्यावरच हो म्हण.

अक्का